तपासणीच्या दिवशी सकाळी पंप दिला आणि तारीखच गेली

लेकाच्या शाळेतून पावसाळ्यात दम्याचा फॉर्म आला. गेल्या 12 महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, धावल्यावर धाप लागते का, सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला येतो का. शिट्टीच्या पुढे मी नाहीच लिहिणार होते, सासूबाई म्हणाल्या अगो रात्री त्याच्या पाठीला कान तरी लाव. लावला तर श्वास सोडताना बारीक सूं सूं. हो लिहिलं, स्पायरोमेट्रीची, म्हणजे मशीनमध्ये फुंकून श्वास मोजायच्या टेस्टची, चिठ्ठी मिळाली.

डिचोलीहून पणजीला भर पावसात गेलो, नवऱ्याने रजा टाकलेली, दोन तास बसलो आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न, पंप (इनहेलर) कधी दिला? म्हटलं सकाळी सातला, बसमध्ये खोकला नको म्हणून. मग आज टेस्ट होणार नाही! पंपातल्या साल्बुटामॉलने श्वासनळ्या मोकळ्या झालेल्या असतात, मशीनला आकसलेल्या दिसणार कशा, म्हणून आधी 4 ते 6 तास द्यायचा नसतो. कारण पटलं हो, पण चिठ्ठीवर खिडकीचा नंबर होता, आधारची झेरॉक्स आणा होतं, ही एक ओळ नव्हती. आदल्या दिवशी फोन करून उपाशी आणू का विचारलं तेव्हाही पंपाचं कोणी बोललं नाही. नवी तारीख 3 आठवड्यांनी, चवथ झाल्यावर. मधे चवथीची साफसफाई, माळ्यावरची धूळ, त्या रात्री पोर उशी उभी करून बसूनच झोपला. मला अजून राग येतो.

तर फोन करून विचाराच, कुठला पंप किती तास बंद ठेवायचा, कारण काही औषधं जास्त वेळ टिकतात. पण मुलाला खरंच धाप लागली तर पंप द्या, तारीख गेली तर जाऊ दे, हे डॉक्टरांनीच सांगितलं.

दुसऱ्या वेळी नाकाला चिमटा, पोटभर श्वास, मग एकदम जोरात फू आणि संपेपर्यंत सोडत राहायचं. पहिल्या दोन फुंका फुकट गेल्या, तिसरी जमली. घरी पेपराच्या पुंगळीने सराव घेतला होता, तुम्हीही घ्या. मग स्पेसरमधून, म्हणजे पंपाला लावायच्या नळकांड्यातून, पंपाचे 4 पफ, 15 मिनिटं थांबून परत फुंकलं. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा 17 टक्के वाढली, 12 च्या वर वाढली की दम्याकडे बोट जातं, आणि लक्षणं तर होतीच. रिपोर्ट नॉर्मल आला तरी दमा नाहीच असं नसतं म्हणे, बरं असताना नळ्या ठीकच दिसतात.

निघताना खिडकीवर सांगितलं, चिठ्ठीवर पंपाची ओळ छापा. बघू म्हणाले. पुढच्या महिन्यात फॉलोअपला जाईन तेव्हा परत विचारणार आहे.