पावसाळ्यात गिटारवर लॅकर मारू नका

जून ते सप्टेंबरमध्ये बेळगावात घरी जुळवायच्या इलेक्ट्रिक गिटारचं किट हातात पडलं, तर खुशाल उघडा, जुळवा, सोल्डरिंगही उरका. लॅकरचा, म्हणजे वरच्या चकचकीत थराचा, डबा मात्र बंदच ठेवा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधला थिनर, म्हणजे ते पातळ करणारा द्रव, झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरावर जमतं. बॉडी दुधाळ होते. खानापूरकडे हा त्रास जास्त. अथणीकडे मधूनमधून उघडीप तरी मिळते. पांढुरकेपणा आलाच तर लगेच घासू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर घालून लॅकरचा एक पातळ हात दिला, की तो बहुधा निघून जातो.

म्हणून पावसाळा कोरड्या जुळणीला द्यावा. रंगाआधी नेक (मान), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) सगळं एकदा बसवून बघायचं. स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या) किटची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी. नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ३२४ मिमी आणि तिथून बारीक ई तारेच्या सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) पुन्हा साधारण तेवढंच हवं. ब्रिजची भोकं आधीच पाडलेली असली तरी मोजा. नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणा. तो फिंगरबोर्डच्या (नेकवरच्या, बोटं दाबायच्या फळीच्या) दोन्ही काठांपासून सारखा आत राहिला पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर नेक आत्ताच सरळ करा, रंगानंतर हे काम जिवावर येतं. नेकच्या स्क्रूंना साबण लावा, नाहीतर कडक मेपलमध्ये स्क्रूचं डोकंच तुटतं.

दिवाळीनंतर रंग. बॉडी १५०, २२०, ३२० नंबरच्या पेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. मग ओलं फडकं फिरवा: गोंदाचे डाग तिथेच उठून दिसतात, आणि त्या जागी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) अजिबात चढत नाही. बासवूडला ग्रेन फिलर (लाकडाची छिद्रं भरणारी लुगदी) लागत नाही, ॲश किंवा महोगनीला लागतो. मग सँडिंग सीलर (लॅकरखालचा, घासून सपाट करायचा थर), वर लॅकरचे पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ ठरलेले. नेक पॉकेटमध्ये (बॉडीतली, नेक बसायची खाच) टेप लावून जागा कोरी ठेवा. तिथे रंग साचला तर नेक नीट बसत नाही आणि जबरदस्ती केली की काठाला तडा जातो. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे थांबून मगच ८०० ते २००० नंबरचा ओला पेपर. घाई केली तर लॅकर पुढेही आकसत राहतं आणि घासून सपाट केलेल्या जागी रेषा पुन्हा उमटतात. शहापूर-टिळकवाडीकडच्या फर्निचर पॉलिशवाल्याकडून फवारून घेणार असाल, तर बॉडी टांगायला नेक पॉकेटमध्ये एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवून द्या.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त विसरली जाणारी वायर म्हणजे ब्रिजची अर्थिंगची. ट्रेमोलोच्या (हलत्या ब्रिजच्या) क्लॉवर, म्हणजे मागच्या स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीवर, सोल्डर धरत नसेल तर जागा पेपरने खरवडा आणि ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. पिकअप म्हणजे तारेचा सूर उचलणारी कॉइल: सिंगल कॉइल पिकअपला २५० के (किलोओहम), दुहेरी कॉइलच्या हंबकरला ५०० के पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालचा भाग. पिकगार्ड बसवण्याआधी ॲम्प लावून स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकं टेकवा, पाचही स्विच जागा तपासा. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबली तर अर्थिंग ठीक आहे. वाढली तर जॅकच्या दोन वायरी उलट्या आहेत. जुन्या घरातल्या प्लगला अर्थिंगच नसेल, तर गिटारला दोष देण्यात अर्थ नाही.

तारा ९-४२ (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) चढवा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेटमध्ये ०.२ ते ०.२५ मिमी फट ठेवा. त्यासाठी ट्रस रॉड (नेकमधली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.५ ते २ मिमी. तिथे दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं हाताला टोचतात. लाकडावर टेप लावून बारीक कानशीने तेवढीच टोकं घासा.