अर्धी भाकरी

रात्रीचे सव्वाअकरा झालेत, अंगावर शाल आहे, पायात मोजे आहेत आणि तरी मला भूक लागलीय. जेवून दोन तास पण नाही झाले. एरवी उठून डबा उघडला असता, आज उठवतच नाहीये.

झालं एवढंच की सकाळी इस्त्रीला कपडे काढताना अण्णांच्या पँटीतून पट्टा ओढला आणि त्याला एक नवीन भोक दिसलं. खिळा ठोकून पाडलेलं, ओबडधोबड, कडेने चामडं फाटून आतलं पुठ्ठ्यासारखं पांढरं दिसतंय. जुन्या भोकापाशी बकल घासून घासून पडलेली रेघ आहे आणि तिच्यापासून चांगलं दोन बोटं आत हे नवीन. हातोडी खिडकीतच होती. म्हणजे मी ऑफिसला गेल्यावर स्वतःच बसून पाडलं असणार, कुणाला काही न सांगता.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. मी खात होते.

रोज रात्री खात होते. थंडी सुरू झाल्यापासून मी बाजरीच्या भाकऱ्या करतेय, अण्णा आधी दोन खायचे, मग एकच घ्यायला लागले, आणि आता त्या एकीतली पण अर्धी मोडून माझ्या ताटात सरकवतात, "तुला थंडीत भूक लागते ना, घे." आणि मी घेते. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, लसणाची चटणी, कोण नाही म्हणेल? एका हातात मोबाईल धरून जेवायचं म्हटल्यावर समोरच्याच्या ताटात काय उरतंय हे कुठे दिसतं. मला वाटायचं, अण्णा लाड करतायत.

थंडी तरी केवढी, मोबाईलवर १५ दाखवत होतं सकाळी. येऊरच्या डोंगराकडून वारा येतो तो मात्र बोचतो, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बंद केली तरी फटीतून येतोच. आम्हा ठाण्याच्या लोकांना तेवढ्यानेच हुडहुडी भरते. अण्णा हसतात. पेपरात दर थंडीत ते छापून येतं ना, सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ पर्यंत उतरला होता, मुंबईचा नीचांक वगैरे, ते वाचून म्हणतात तेवढ्यात तर आम्ही अनवाणी शाळेत जायचो. निफाडचा माणूस. तिथे ५-६ म्हणजे नेहमीचंच, द्राक्षाच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवून धूर धरून ठेवायला लागतो, नाहीतर मणी तडकतात. रात्रीची लाईट आली की कांद्याला पाणी भरायला जायचं, पाय चिखलात, पहाटे घरी येऊन चार भाकऱ्या आणि पातेलंभर कालवण. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या मनात अण्णा म्हणजे थंडीत चार भाकऱ्या खाणारा माणूस असंच पक्कं बसलेलं. समोरचा माणूस अर्धीवर आला तरी माझ्या डोक्यातल्या चार काही कमी झाल्या नाहीत.

दुपारी न राहवून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले वय झालं की अंगातलं मांस कमी होतं, आणि अंगातली ऊब बरीचशी त्या स्नायूंतूनच तयार होते, हालचाल केली की जास्त, म्हणून तर थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायू कमी, हालचाल कमी, मग ऊबही कमी आणि भूकही कमी. त्यात म्हाताऱ्या माणसाला थंडी नीट जाणवतच नाही, तहान पण जाणवत नाही. आणि जेवलं नाही की अजून गार, कारण जेवण पचवतानाही अंगात ऊब तयार होते. मला भाकरी खाल्ल्यावर कान गरम झाल्यासारखे वाटतात ते उगीच नाही. म्हणजे जी ऊब त्यांच्या अंगात जायला पाहिजे होती ती रोज अर्धी अर्धी करून माझ्याकडे येत होती. वजन करून घ्या, रक्त तपासून घ्या, शनिवारी घेऊन या म्हणाले. चहा किती होतो विचारलं. मी मोजला तर पाच वेळा. गार वाटलं की चहा, सोबत दोन बिस्किटं, भूक मरणार नाही तर काय होणार.

संध्याकाळी दादाचा पुण्याहून फोन. अण्णांना चांगला स्वेटर घेऊन दे म्हणे. तीन आहेत, कपाटात घडी घालून ठेवलेत. डास चावतात म्हणून पंखा एकवर लावून वर गोधडी घेऊन झोपतात, ते त्याला काय सांगायचं. फोन ठेवल्यावर खूप रडायला आलं. पहाटे साडेपाचला उठायचं, दोन डबे, गाडीची गर्दी, ऑफिसात तो ए. सी. थंडी असो नसो तसाच, घरी येईपर्यंत बोटं आखडलेली, आणि परत पीठ मळायला बसायचं. मी थकते. मलाही वाटतं की कुणीतरी मला गरम गरम वाढावं, पोटभर खा म्हणावं. आणि हे मनात येतंय तोवर लक्षात आलं की तसं म्हणणारं माणूस तर रोज समोर बसून माझ्या ताटात सरकवतच होतं.

पट्ट्याबद्दल मी विचारलं नाही. ते पण बोलले नाहीत.

आज तळहाताएवढ्या छोट्या भाकऱ्या केल्या. मोठी बघूनच त्यांना नको होत असावं. साडेसातचा चहा दिला नाही, त्याऐवजी वरणाचं पाणी दिलं, तूप, हिंग, जिरं घालून, वाटीभर. पायात मोजे घातले, पाय कशाला झाकतेस म्हणून कुरकुरले पण घालू दिले. मोबाईल आतल्या खोलीत ठेवून आले. कुळथाचं पिठलं गॅसवरून उतरवून लगेच वाढलं, वाफ अगदी तोंडावर येत होती, आणि त्यांनी एक छोटी भाकरी संपवली. मग दुसरी घेतली. मी दुसरीकडेच बघत असल्यासारखं करत होते पण सगळं लक्ष तिकडे, ते कसे चावतात, किती वेळ लावतात, दाढ दुखत असेल का हे पण मी कधी विचारलेलं नाही. दुसरी मोडली आणि हात माझ्या ताटाकडे आला. "घे." मी म्हटलं, अण्णा आज नको, भूक नाही. तर हात तसाच धरून बसले, तोंड एवढंसं झालं.

मग घेतली. लहानपणी आंब्याचा मधला काप असाच माझ्या ताटात यायचा. त्यांना देण्यातच काहीतरी मिळतं, ते मी आता या वयात बंद करायला गेले तर तेवढंही जाईल. घेईन मी. फक्त त्यांच्यासाठी एक जास्त करायची, आणि बघत राहायचं.

उद्यापासून सकाळी उपवनच्या तळ्यावर उन्हात बसवून, एक चक्कर मारायला लावून मगच ऑफिसला जाईन, उशीर झाला तर झाला. संध्याकाळी उपयोग नाही, तिकडे ऊन लवकर डोंगराआड जातं. भोगी पण जवळ आलीय, तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी ते खातीलच असं वाटतंय.

मगाशी झोपताना म्हणाले, हुलग्याचं माडगं कुणी केलं नाही बरेच वर्षांत. आई करायची, पेजेसारखं पातळ. ते राहू दे. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी खायला मागितलंय. परवा जांभळी नाक्याला उतरून हुलगे, म्हणजे कुळीथच, घ्यायचे, मंद भाजून दळायला टाकायचे, अर्धा किलो पुरेल. गूळ आहे घरात. सुंठ बघायला पाहिजे.