कशावर मोजता, ते आधी सांगा

वडिलांनी जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल टाकली तेव्हा ऑफिस म्हणजे एक गादी, एक तक्क्या आणि अण्णा मुनीम. तूर किती आली, डाळ किती उतरली, चुनी कोणी नेली, सगळं लाल चोपडीत. २००६ ला कॉम्प्युटर घेतला. ओळखीच्या एका पोराने पाचशे रुपयांत सीडीवरून टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. क्रॅक कॉपी होती आणि ती क्रॅक आहे हे आम्हाला माहीत होतं. खोटं कशाला बोलू?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ती कॉपी अडली. अपडेट घेईना. सीए साहेबांनी समोर बसवून कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचून दाखवलं: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. त्याच आठवड्यात रीतसर लायसन्स घेतलं. आधी एका कॉम्प्युटरचं सिल्व्हर, नंतर ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम चालणारं गोल्ड. हा व्यवहार आमच्या डोक्याला पटणारा होता. एकदा पैसे दिले की माल आपला. वर्षाचं रिन्यूअल नाही भरलं तर नवे अपडेट बंद, पण जुनं चालू राहतं.

खरी शाळा २०१९ ला सुरू झाली. वजनकाट्यापासून गोदामापर्यंत सगळं एका जागी दिसावं म्हणून ईआरपी, म्हणजे सगळा धंदा सांभाळणारं एकच सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरवलं. पुण्याहून दोघे आले, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले. भाव सांगितला: दर युजरमागे महिन्याला ९०० रुपये. दुसऱ्या कंपनीचा भाव होता एकरकमी ३ लाख २० हजार, दुसऱ्या वर्षापासून त्यावर १८ टक्के एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल खर्च. पहिला स्वस्त वाटला. सही केली.

नंतर कधीतरी रात्री पाच वर्षांचा हिशेब मांडला. दहा युजरचे ५ लाख ४० हजार. एकरकमीवाल्याचे चार वर्षांच्या एएमसीसकट ५ लाख ५० हजार ४००. फरक दहा हजारांचा! म्हणजे भावावरून निवड करण्यात काही अर्थच नव्हता. बघायला हवं होतं ते दुसरंच. महिन्याच्या भाड्याचं बंद केलं की दुसऱ्या दिवशी कुलूप, आणि आपला डेटा आत. एकरकमीचं चालत राहतं, पण सर्व्हर आपला, त्याची वीज आपली, बॅकअप आपला. शिवाय विंडोज सर्व्हर घेतला की त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक मशिनसाठी ‘कॅल’ नावाचं लायसन्स वेगळं. ते कोटेशनमध्ये नव्हतंच.

त्यात आमच्या धंद्याची एक गोम. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला, त्यावरच्या पॅकिंगला माफी. आमचा बहुतेक माल ३० किलोच्या कट्ट्यात जातो. माल माफीचा, म्हणून खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही तेवढ्या प्रमाणात मिळत नाही. सॉफ्टवेअरवरचा १८ टक्के कर बराचसा आमच्याच खिशातून. लोखंडाचा व्यापारी तो कर परत मिळवतो, डाळवाला नाही. कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ लिहिलेलं असतं, ते आमच्यासाठी मोठ्या अक्षरातलं समजायचं.

पण घाव बसला तो युजरवर. नवी तूर जानेवारीत यायला लागते. मेपर्यंत मिल तीन पाळ्यांत, मग हळूहळू एका पाळीवर. काट्यावर कॉम्प्युटर एक, माणसं तीन. आम्ही तिघांना एकच आयडी दिला. खुर्ची एक, तर युजर एक, असं आमचं गणित. करारात ‘नेम्ड युजर’ लिहिलं होतं, म्हणजे नाव लावलेला माणूस. मग तो आठवड्यातून एकदा बसो की रोज. त्यांच्या लॉगमध्ये, म्हणजे वापराच्या नोंदीत, एक आयडी चोवीस तास जागा दिसला आणि न मोजलेल्या युजरांच्या दोन वर्षांच्या फरकाचं पत्र आलं. अण्णांनी चष्मा वर करून विचारलं, “भाऊ, आते काय करानं?”

रागावून उपयोग नव्हता, कागदावर सही माझीच होती. तेव्हा पहिल्यांदा सगळा करार वाचला आणि लक्षात आलं, हे तर आपण रोजच करतो. एकाच गाडीवर हमाली कट्ट्यामागे, तोलाई क्विंटलमागे, दलाली शेकड्यामागे. प्रत्येकाचं माप वेगळं, म्हणून आपण आधी माप विचारतो, मग भाव. सॉफ्टवेअरमध्येही कोणी नावावर मोजतो, कोणी एका वेळी किती जण आत आहेत त्यावर, कोणी मशिनवर, मोठे डेटाबेस तर प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूत काम करणारे भाग किती त्यावर. पाळीच्या जागेला मशिनवरचं किंवा एका वेळच्या मोजणीचं लायसन्स परवडतं. हिंडणाऱ्या माणसाला, ज्याच्याकडे मोबाइलही आहे आणि लॅपटॉपही, नावावरचं.

पुढे वजनकाटा थेट ईआरपीला जोडायचा म्हटलं तर काट्याच्या सॉफ्टवेअरलाही युजर धरणार म्हणाले. मला थट्टा वाटली. भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याने सांगितलं, मामा, थट्टा नाही. इंग्लंडमध्ये सॅप या ईआरपी बनवणाऱ्या कंपनीने याच मुद्द्यावर डियाजिओ या दारू कंपनीला कोर्टात खेचलं होतं. सेल्समन आणि गिऱ्हाइकं दुसऱ्या ॲपमधून सॅपपर्यंत पोचत होती, मागणी ५ कोटी ४० लाख पाउंडांच्या वर, आणि २०१७ मध्ये कोर्टाने देणं लागतं असंच म्हटलं. आम्ही काट्याची फाइल रोज संध्याकाळी हातानेच चढवायची ठेवली. दहा मिनिटांचं काम.

ईआरपीनेक्स्ट नावाचं ओपन सोर्स ईआरपीही पाहिलं. लायसन्सला पैसे लागत नाहीत, हे खरं. पण ते बसवणारा, सांभाळणारा माणूस पगारी लागतो, आणि रात्री पाळी चालू असताना अडलं तर फोन उचलणारा हवा. तसा माणूस इथे आम्हाला मिळाला नाही. मिळाला असता तर तिकडेच गेलो असतो.

शेवटी त्याच कंपनीशी नव्याने बसलो. चार नावं, दोन मशिन, हंगामात वाढवायचे आणि जूननंतर कमी करायचे युजर. दरवर्षीच्या भाववाढीला कमाल टक्का. करार संपला तर सगळा डेटा एक्सेलमध्ये परत, तोही लेखी. जुन्या फरकातली निम्मी रक्कम भरली, निम्मी त्यांनी सोडली.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने बदलून घेतली. रिन्यूअल ३१ मार्चला यायचं. तेव्हा आम्ही गळ्यापर्यंत तुरीत आणि त्यांचा माणूस वर्षअखेरच्या टार्गेटमागे, त्यामुळे दोघांनाही घाई. आता तारीख ऑगस्टमध्ये आहे. मिल साफसफाईला बंद असते, तो सकाळच्या गाडीने येतो, दुपारी शेवभाजी खातो, तिखट लागलं की पाणी मागतो, आणि मग आम्ही चहा सांगून कागद काढतो.