शटलच्या पोटातलं सेंटॉर आणि माझे व्हॉल्व्ह

१९८४ साली मी क्लीव्हलंडला एका छोट्या कंत्राटदाराकडे नोकरीला होतो. काम सेंटॉरचं. नासाच्या तिथल्या लुईस केंद्राचं हे जुनं, भरवशाचं रॉकेट १९६०च्या दशकापासून अ‍ॅटलस या मोठ्या रॉकेटच्या डोक्यावर बसून उडत होतं. आता ते स्पेस शटल या अंतराळवीरांना नेणाऱ्या यानाच्या पोटात, माणसांसोबत न्यायचं होतं. तिथून ते दोन मानवरहित यानं पुढे ढकलणार: गॅलिलिओ गुरूकडे, युलिसिस सूर्याच्या ध्रुवांकडे. दोन्ही उड्डाणं मे १९८६ला.

रॉकेट पेलोड बेमध्ये, म्हणजे शटलच्या सामानाच्या कप्प्यात, बसेल असं जाडं-बुटकं केलं की झालं, असं मलाही आधी वाटलं होतं. गोम टाकीत होती. सेंटॉरची टाकी म्हणजे स्टेनलेस स्टीलचा फुगा. पत्रा काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. आतला दाब गेला की चेपलीच. मध्ये एकच सामाईक पडदा: एका अंगाला उणे २५३ अंशांचा हायड्रोजन, दुसऱ्या अंगाला उणे १८३चा ऑक्सिजन. दाब उलटला तर पडदाही उलटणार.

आणि शटलला अर्ध्यातूनच परत फिरावं लागलं तर? सुमारे वीस टन इंधन पोटात ठेवून उतरता येत नाही. ते काही मिनिटांत, तेही पडदा सांभाळून, बाहेर टाकायचं. त्या लाइनचे व्हॉल्व्ह माझ्या गळ्यात पडले.

नियम असा, की दोन गोष्टी बिघडल्या तरी माणसं वाचली पाहिजेत. म्हणून एक व्हॉल्व्ह उघडला नाही तर दुसरा, तोही अडला तर तिसरा. पण शेजारी-शेजारी तीन व्हॉल्व्ह म्हणजे नको तेव्हा गळायच्याही तीन जागा! मग प्रत्येकामागे आणखी व्हॉल्व्ह. कागदावर पाइपांचं जंगल माजलं. द्रव नायट्रोजनच्या चाचणीत एक व्हॉल्व्ह पांढराशुभ्र गोठला, हललाच नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र खुशाल ‘उघडा’ सांगत होता. माझा सेफ्टी रिपोर्ट चार वेळा परत आला. पाचव्या वेळी एका अंतराळवीरानं शांतपणे विचारलं, “दिवा खोटं बोलतोय हे मला वर कसं कळणार?” त्या दिवशी त्याचा राग आला होता. तेव्हा तरी माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

२८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर हे शटल उडताच फुटून गेलं, आतल्या माणसांसकट. जूनमध्ये शटल-सेंटॉर रद्द झालं. माझ्या रिपोर्टवर एक सही बाकीच होती.

गॅलिलिओ १९८९मध्ये घन इंधनाच्या रॉकेटवर निघालं आणि शुक्र-पृथ्वीचे हेलपाटे घालत डिसेंबर १९९५ला गुरूपाशी पोचलं. आमच्या त्या रुंद सेंटॉरचा भाऊबंद १९९७ला टायटन रॉकेटवर बसला, शनीकडे जाणाऱ्या कॅसिनी यानाला घेऊन. त्यात माणसं नव्हती, म्हणून माझे व्हॉल्व्हही नव्हते.