तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याच्या मालिकेतल्या लग्नाबद्दल

"नवरा टीव्हीवर दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्र घालतो, तुला काहीच वाटत नाही?" मुलुंडच्या भाजी मार्केटात, लेडीज डब्यात, हळदीकुंकवाला, सगळीकडे मला हे विचारून झालंय. एका आजींनी तर "मग त्या बिचारीचं काय गं?" म्हणत माझ्याकडेच रोखून पाहिलं. जणू मीच तिच्या संसारात घुसले होते.

नाही वाटत. कारण ते लग्न कसं लागतं ते मी सेटवर बसून पाहिलंय. घोडबंदर रोडवरचा बंगला, मे महिना, अंगावर शेरवानी, आणि आवाजात घरघर येते म्हणून टेकच्या वेळी पंखे बंद. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट, मग एकेकाचे क्लोजअप. नायिका डोळ्यांत पाणी आणून नवरदेवाकडे बघते ना, तेव्हा बऱ्याचदा समोर माझा नवरा नसतोच. तो मेकअप रूममध्ये पाय पसरून पडलेला असतो आणि त्याची वाक्यं असिस्टंट डिरेक्टर बाजारयादी वाचावी तशी वाचून क्यू देतो. टेक ओके झाला नाही की स्पॉटदादा अक्षता झाडून काढतात आणि पुन्हा पहिल्यापासून 'शुभमंगल'. पॅकअप झालं की मंगळसूत्र कॉस्च्युमच्या डब्यात. (बाहेर मात्र त्याला भलतंच मोल. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या मंगळसूत्राची अशी क्रेझ होती की माझ्या आतेबहिणीनेही तसंच करून घेतलं.) आमचं खरं लग्न दादरच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसात आटोपलं होतं. हे चार-चार दिवस चालतं.

वाटतं ते वेगळ्याच गोष्टींचं. दुसऱ्या दिवशीचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, आदल्या रात्री कळते. शिफ्ट बारा तासांची, वर घोडबंदरचा ट्रॅफिक. एवढं करून हातात येतो जाहिराती वगळता साधारण 22 मिनिटांचा एक भाग, आणि भागांची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की रविवारही गेला. मालिकेत घरातल्या प्रत्येक कार्याला नवरा पुढे. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात मात्र तो जेवणाच्या पंगतीलाच पोचला, तोही केसांत स्प्रे तसाच.

पैशांचं तर कुणी विचारतच नाही. आज केलेल्या कामाचे पैसे 90 दिवसांनी येतात, हा या धंद्याचा रिवाज. गुरुवारी टीआरपी येतो, आणि तो दोन-चार आठवडे घसरला की मालिका गुंडाळायची कुजबुज सुरू. म्हणून फ्लॅटचा हप्ता फोर्टातल्या माझ्या विमा कंपनीच्या पगारातून जातो. मार्च 2020 मध्ये शूटिंग बंद पडलं तेव्हा याचा अर्थ दोघांनाही नीट कळला. एप्रिल 2021 मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली, तेव्हा बऱ्याच युनिट्ससारखं त्याचं युनिटही गोव्याला गेलं. पुढे मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली. तेवढे दिवस मुलगी बाबाला रोज टीव्हीवर बघायची आणि मला विचारायची, "बाबा तिकडच्या आजीशी एवढं बोलतो, मग मला फोन का नाही करत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'वाटतं का' असं विचारणाऱ्या बायकांना मी हे सांगते, तर त्यांना त्यात रस नसतो.

"सचिन-सुप्रियासारखं तुम्ही दोघांनी एकत्र काम करा ना," असाही सल्ला मिळतो. ते 'नवरी मिळे नवऱ्याला'मध्ये एकत्र आले, 1985 मध्ये लग्न केलं, पुढे सचिन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तू तू मैं मैं' मालिकेत सुप्रिया सून झाल्या आणि 2005 मध्ये 'नच बलिये'चं पहिलं पर्व दोघांनी जिंकलं. कौतुक आहेच. पण मला साध्या लग्नाच्या व्हिडिओतही कॅमेऱ्याकडे बघवत नाही, आणि दोघांचे पैसे 90 दिवसांनी आले तर हप्ता कोण भरणार?

सध्याच्या ट्रॅकमध्ये त्याची स्मृती गेली आहे. ती परत आली की त्याच बाईशी पुन्हा लग्न लागणार, असं रायटरकडून कळलंय. ते नेमकं गणपतीच्या आठवड्यात शूट होणार आहे. मी प्रॉडक्शनला फोन करून एवढंच विचारलंय, पहिल्या दिवशी दुपारचा कॉल देता येईल का? सकाळी घरी आरतीला तो हवा.