ज्याँ सां पर मनोरा, १:५० : जिना उभा राहिला, आता छत

शेवटची पायरी बसली आणि मधला खांब ओळंब्यात आला. मोठा जिना झाला एकदाचा.

हे मॉडेल पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी: पॅरिसच्या र्‍यू एत्येन मार्सेलवर हा जिन्याचा मनोरा आहे. बर्गंडीचा ड्यूक ज्याँ, ज्याला लोक 'सां पर' म्हणजे 'निर्भय' म्हणत, त्याने तो १४०९ ते १४११ या काळात आपल्या वाड्यात बांधून घेतला. वाडा केव्हाच गेला, मनोरा तेवढा उरला.

आधी पायऱ्यांचं. त्या काळच्या दगडी चक्री जिन्यात पायरी आणि मधल्या खांबाचा तेवढा तुकडा एकाच दगडात घडवलेला असे. गोल तुकडे एकावर एक बसत गेले की खांब आपोआप तयार होई आणि पायरीचं रुंद टोक बाहेरच्या भिंतीत शिरे. मीही शिवणीच्या लाकडात पायरी आणि चकती एकसंधच कापली. खांब वेगळा करून त्याला पायऱ्या चिकटवल्या तर काम झटपट होतं, दिसतंही तसंच. पण मग जिना उभा कशाच्या जोरावर राहतो ते हाताला कळत नाही, आणि मला या छंदात तेवढंच तर हवं असतं. करून बघणाऱ्यांनी लाकडाच्या रेषा पायरीच्या लांबीत ठेवाव्यात, नाहीतर निमुळती बाजू चकतीपाशी तुटते. चकत्यांची जाडी साच्यात घालूनच घासा; केसभर फरकही वर जाईपर्यंत साठत जातो.

आता रंध्याची गंमत. ज्याँचा चुलतभाऊ आणि वैरी लुई, ओर्लेआँचा ड्यूक, याचं चिन्ह होतं गाठाळ सोटा. ज्याँने उत्तरादाखल चिन्ह घेतलं रंधा, म्हणजे तुझ्या गाठी मी तासतो! २३ नोव्हेंबर १४०७ रोजी ज्याँच्या माणसांनी लुईला पॅरिसच्या रस्त्यात ठार मारलं. मनोरा त्यानंतरचा, आणि त्यावर रंधा कोरलेला आहे. खून लपवायचा सोडून त्याची पाटी लावल्यासारखंच हे.

जिवाच्या भीतीने ज्याँ वरच्या खोलीत झोपायचा, असं नेहमी सांगतात. मला पटत नाही. मनोरा राजा फिलिप ओग्युस्तच्या जुन्या शहरतटाला लागून आहे हे खरं, पण जिन्याला खिडक्या किती मोठ्या! नमुना होता लूव्हर राजवाड्यातला राजा पाचव्या शार्लचा भव्य चक्री जिना. राजासारखा जिना आपल्याही घरी असावा, ही हौस मला त्यात जास्त दिसते. (ज्याँचा शेवट १४१९ साली मोंतरोच्या पुलावर झाला, तोही खुनानेच.)

पुढचं काम अवघड आहे. मोठा जिना जिथे संपतो तिथे मधल्या खांबावर दगडी कुंडी आहे. तिच्यातून ओकचं झाड उगवतं आणि त्याच्या फांद्या कमानी होऊन छतभर पसरतात. छतावर ओकसोबत हॉथॉर्न हे काटेरी झुडूप आणि हॉपची वेलही कोरलेली आहे: ओक ज्याँच्या वडिलांचं चिन्ह, हॉथॉर्न आईचं, हॉप त्याचं स्वतःचं. वरच्या खोल्यांकडे जाणारा अरुंद जिना बाजूने निघतो. तो मी कापून ठेवलाय.

ओकचं पान १:५० मध्ये पटाशीने निघेल, पण हॉपची पानं लाकडात टिकतील असं वाटत नाही. पितळी पत्रा कापून वर रंग द्यावा असा विचार आहे. एवढ्या बारीक पानांवर कोणी काम केलं असेल तर पत्र्याची जाडी आणि पात्याचा नंबर जरूर सांगा.