वाफेने भाजले, त्याला काय म्हणायचे?

गेल्या रविवारी वाफ पुरती जिरण्याआधीच मी कुकरचे झाकण उघडले आणि उजव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी लालबुंद झाली. इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये रविवारी आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद असतो, म्हणून मी फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या सेवेला फोन केला आणि हात ‘बर्न’ झाल्याचे सांगितले. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, की हा ‘बर्न’ आहे की ‘स्काल्ड’? हाताची आग होत असताना कोणी आपल्याला शब्दांचे अर्थ विचारावेत, याचा मला मनापासून राग आला.

ज्वाळेने, तव्याने किंवा इस्त्रीने, म्हणजे कोरड्या उष्णतेने झाला तो ‘बर्न’, आणि कढत पाण्याने, चहाने किंवा वाफेने झाला तो ‘स्काल्ड’. दोन्हींवर पहिला उपाय मात्र एकच. अंगावरचे दागिने काढून भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, बर्फ किंवा लोणी लावायचे नाही आणि नंतर वर क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न झाकायचा पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद, पसरायची. उपाय एकच असेल तर नावे दोन कशाला, असे बांगड्या उतरवताना माझ्या मनात आले. मात्र त्यांचा पुढचा प्रश्न होता, की तुमची बाही ओली झाली आहे का. गरम पाण्याने भिजलेले कापड अंगावर राहिले, तर ते आतल्या आत भाजत राहते. वाफ तर त्याहूनही वाईट, कारण पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तितकीच वाफ त्वचेवर पाणी होताना सोडते. तो एक शब्द विचारून त्या बाईंनी माझ्या बाहीपर्यंतचा रस्ता काढला होता, हे मी मान्य करते.

तरीही त्या दिवसापासून माझ्या मनात मराठीच्या वतीने एक वाद चालू आहे. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतोच, आणि तिथे ‘पोळणे’ हे क्रियापद ‘स्काल्ड’च्या अगदी जवळ जाते. उन्हाळ्यात अनवाणी पायही पोळतात, त्यामुळे ते ओल्या उष्णतेपुरते राखीव नाही, हे खरे. पण कशाने भाजले हे सांगायला आपल्याकडे विभक्ती आहे. तेलाने भाजले, वाफेने भाजले, असे म्हटले की कारण वाक्यात आपोआप येते, त्यासाठी वेगळे क्रियापद लागत नाही. मी फोनवर मराठीत बोलले असते, तर पहिल्याच वाक्यात ‘वाफेने’ आले असते आणि पुढचा प्रश्न विचारावाच लागला नसता, असे मला अजूनही वाटते.

याच वादासाठी शब्दकोश चाळताना मला एक गोष्ट सापडली, जिचा आनंद मला हाताच्या दुखण्यापेक्षा मोठा वाटला. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदे होती. ‘बेओर्नन’ म्हणजे स्वतः जळणे आणि ‘बॅर्नन’ म्हणजे दुसऱ्याला जाळणे. पुढे ती एकमेकांत मिसळली आणि आजचे एकटे ‘बर्न’ उरले, त्यामुळे घर जळले की कोणी जाळले, हे इंग्रजीत क्रियापदाच्या रूपावरून कळत नाही, तर ते वाक्याच्या रचनेवरून ओळखावे लागते. आपण ‘जळणे’ आणि ‘जाळणे’ हा भेद एका स्वरावर आजही सांभाळून आहोत, आणि ज्या भाषेत जाळणारा आणि जळणारा क्रियापदातच वेगळे होतात, तिला शब्दांची गरीब कोणी म्हणू नये.

अर्थात इंग्रजीची बारकाई मी नाकारत नाही. कोंबडीच्या अंगावरची उरलेली लव आचेवर नुसती जाळून काढणे म्हणजे ‘सिंज’, इस्त्रीचा पिवळा डाग पडणे म्हणजे ‘स्कॉर्च’, भरताचे वांगे बाहेरून कोळशासारखे काळे करणे म्हणजे ‘चार’, आणि आपल्या ‘धुमसणे’ला तर ‘स्मोल्डर’ हा सख्खा भाऊ आहे. शेजारच्या आजी खिरीचे दूध बुडाशी लागू नये म्हणून ढवळताना ‘कॅच’ म्हणाल्या, तेव्हा मी चकित झाले, कारण दूध लागणे हा प्रयोग मी फक्त आपला समजत होते.

१९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा इथे जो तो ‘स्कॉर्चिंग’ म्हणत होता. मी जळगावची, चाळीस अंश आमच्याकडे एप्रिलमध्येच येतात. पण ना पंखा, ना जाड भिंती, अशा घरात ते चाळीस अंश वेगळे लागतात, हेही मी त्या दिवशी अनुभवले. तरी ‘होरपळणे’मध्ये दुष्काळात तगून राहिलेली माणसे आणि केळीच्या बागा जशा एकत्र दिसतात, तशा ‘स्कॉर्च’मध्ये मला दिसत नाहीत.

संध्याकाळी आईला फोन केला. हात भाजला म्हणताच तिने विचारले, “कशानं गं?” दुपारी त्या बाईंनी विचारले होते, तेच. मग तिने साय लावायला सांगितले. मी हो म्हणाले, आणि क्लिंग फिल्म तशीच राहू दिली.